पलंगाखालची गाडी

तुझे पाय बाहेर होते आणि मी त्या पायांशी भांडत होते.

बाळ्या, कंबरेपासून वर तू माझ्या पलंगाखाली होतास, पोटावर पालथा. एका पायातली रबरी चप्पल निघून बाजूला पडली होती. टाचा भेगाळलेल्या. मी म्हणाले, टाचांना तेल लाव म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. मग म्हणाले, चहा गार झाला, आता पुन्हा गरम करून मिळणार नाही. मग म्हणाले, उद्या कल्याणला डॉक्टरकडे जायचंय, ह्या वेळी पोट बिघडलं, पाहुणे आले, असलं काही चालणार नाही. दोनदा टाळलंस. तिसऱ्यांदा टाळलंस तर तुझा हा सगळा पसारा सुपलीत भरून खाली कचऱ्याच्या गाडीत देईन.

तू बोलला नाहीस. पलंगाखाली असलास की तू बोलायचा नाहीसच, कारण तुझ्या तोंडात त्या खेळण्यातल्या गाडीचे ठोकळे असायचे. हात दोन, ते कामात गुंतलेले. मग बारीक तुकडे धरायला ओठ. शिंपी टाचण्या धरतो तसे. किती वेळा सांगितलं की ते लोकांच्या पोरांनी चघळलेलं प्लास्टिक आहे, तोंडात घालू नकोस. तर खालून नुसतं 'हूं' यायचं. कधी तेही नाही यायचं.

म्हणून मी बोलत राहिले. त्याच पलंगावर बसून मेथी निवडली आणि वरून खाली बोलत राहिले. मेथी निवडून झाली, तुझे पाय तिथेच. तेव्हा मी केरसुणीने तुझ्या तळव्याला डिवचलं. तुला लहानपणापासून गुदगुल्या होतात. पाय हलला नाही.

मग मी खाली बसले. गुडघे वाकत नाहीत तरी बसले. तुझा घोटा धरला. तो गार होता.

समोरच्या पाटीलबाईंना हाक मारली, त्यांचे दोघे मुलगे धावत आले. तुला ओढून काढता येईना, कारण तुझा उजवा हात कोपरापर्यंत ठोकळ्यांच्या बोगद्यात अडकला होता. शेवटी पलंगच उचलला. उचलताना धाकट्याचा पाय बोगद्यावर पडला आणि बोगदा कडकडा मोडला. 'सॉरी आजी, सॉरी,' तो म्हणत राहिला. माझ्याकडे बघून की तुझ्याकडे, कोण जाणे.

तुला उताणं केलं. तुझ्या गालावर गोल गोल खड्डे पडले होते, ओळीने. ठोकळ्यांवर ज्या पुटकुळ्या असतात त्यांचे ठसे. त्यांच्यावरच गाल टेकून पडला होतास. मला शिसारी आली. खरं तेच लिहिते. लोकांना वाटलं मी सुन्न झाले. मी सुन्न बिन्न झाले नव्हते. सत्तरीला टेकलेला माणूस फाटक्या गंजीत, जमिनीवर पालथा, गालावर खेळण्याचे ठसे घेऊन मेला, हे बघून मला शिसारी आली.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. हार्ट म्हणाले. मी विचारलं, 'कधी?'

'नक्की सांगता येत नाही आजी. तासभर झाला असेल. कमी असेल.'

म्हणजे मी बोलत होते तेव्हा तू होतास की नव्हतास, ते कोणालाच माहीत नाही. तुला माहीत असेल, तर तू सांगणार नाहीस. जिवंत असताना तरी कुठे काय सांगितलंस? त्यावर पुढे येतेच.

माजिवड्याहून माझा संदीप येईपर्यंत पाटीलबाईंनी गंगाजलाची कुपी आणि तुळशीची पानं आणून ठेवली. भाच्याच्या हातून मामाच्या तोंडात तुळशीपत्र घालायचं ठरलं. संदीपने बोटाने तुझा खालचा ओठ जरा खाली केला आणि थांबला.

'आई, मामाच्या तोंडात काहीतरी आहे.'

'दात असेल.'

'दात नाहीये.'

मी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः बोट घातलं. तुझ्या तोंडाला सकाळच्या घावण्यांचा वास होता, आणि तंबाखूचा. तंबाखू सोडली म्हणून आईची शपथ घेतली होतीस. ओठ आणि दात यांच्या मधे एक तुकडा बसला होता, तो ओढून काढला. शेंगदाण्याएवढा, पिवळा, आरपार दिसणारा. गाडीच्या तोंडाला लावायचा दिवा. तुझी लाळ माझ्या बोटांना लागली. जमलेल्या बायकांतली एक तोंडाला पदर लावून बाहेर गेली. संदीपचा चेहरा पांढरा पडला, त्याला वाटलं मामा घुसमटून गेला. डॉक्टरांना पुन्हा वर बोलावलं. त्यांनी घसा नीट पाहिला. घसा मोकळा होता.

मी मोरीत जाऊन दिवा साबणाने धुतला, हात धुतले आणि मग तुझ्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं.

पाटीलबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, 'बरं झालं हो आक्का. तोंडातलं तोंडातच राहिलं, म्हणजे एका क्षणात गेले. तुमचं बोलणं काही त्यांना ऐकू गेलं नाही. आवडीचं करता करता गेले. भाग्यवान.'

भाग्यवान कसला? पलंगाखालच्या जळमटात मरायला भाग्य लागतं का? आणि माझं बोलणं ऐकू गेलं नाही याचं मला बरं वाटावं, असं त्यांना का वाटलं? मी काय शिव्या देत होते? डॉक्टरकडे चल म्हणत होते. ते तुला ऐकू जायला हवं होतं. अजूनही मला तेच वाटतं. कोणी समजूत घालायला लागलं की मी सांगते, त्याने ऐकलं असेल तर बरं.

तुझी तिरडी बांधून झाली आणि संदीपने फ्रिजवरून तू ठोकळ्यांची केलेली ती लाल गाडी आणून तुझ्या छातीवर ठेवली. वर झेंडूचा हार. सगळे हुंदके द्यायला लागले. मी पुढे झाले आणि गाडी उचलली.

'आई, काय करतेस? त्याची आवडती होती. लोक बघतायत.'

'बघू देत. प्लास्टिक आहे. जळताना घाण सुटेल, आणि वितळून ह्याच्या अंगाला चिकटेल.'

'आई!'

'तुला चिकटवून घ्यायचंय का? नाही ना? मग त्याला का?'

मागून कोणीतरी म्हणालं, म्हातारीला माया नाही. मी वळून पाहिलं नाही. गाडी पुन्हा फ्रिजवर ठेवली.

मायेचं राहू दे. तू झालास तेव्हा मी चौथी पास झाले होते. आईला मजुरीला जायचं होतं, तुला बघायला घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून माझी शाळा तिथेच संपली. तुझी लंगोटी मी धुतली, तुझ्या नाकातला शेंबूड मी काढला. त्यामुळे तुझ्या तोंडात बोट घालायला मला काही वाटलं नाही. तुझी घाण मला नवी नव्हती.

माझे यजमान गेले तेव्हा तू आलास. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीस. मोरीतला नळ गळत होता तो काढलास, नवा बसवलास, आणि सेटीवर चादर पसरून झोपलास. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'कधी जाणार?' तर म्हणालास, 'खिडकीची कडी पण ढिली आहे.' अशी एकेक ढिली वस्तू काढत तू डोंबिवलीजवळच्या कोपरच्या ह्या दोन खोल्यांत कायमचाच राहिलास. लग्न केलं नव्हतंस, तुला जायला दुसरी जागाही नव्हती, पण तसं तू म्हणाला नाहीस आणि मीही नाही. त्याचे आभार कोणी कोणाचे मानायचे ते आपण कधी ठरवलं नाही. आज मी मानते. नळ अजून गळत नाही.

पण निवृत्त झालास आणि विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडून ती पहिली गोणी उचलून आणलीस, तेव्हाच मी तुला घराबाहेर काढायला हवं होतं. लोकांच्या पोरांच्या टाकलेल्या खेळण्यांची गोणी. तू ती जमिनीवर ओतलीस. ठोकळ्यांबरोबर केस, चिकटलेलं चॉकलेट, वाळलेला च्युइंगम, एक मेलेलं झुरळ आणि कुठल्यातरी पोराचा दुधाचा दात. तो दात तू उचलून उजेडात धरून बघितलास, ह्याचा काही उपयोग होईल का म्हणून. मग सगळं माझ्या डोशाच्या पातेल्यात सोडा घालून भिजत टाकलंस. ते पातेलं मी पुन्हा वापरलं नाही.

'हे काय?'

'ठोकळे.'

'ते दिसतंय मला. कशाला?'

'गाडी करणार.'

'आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रं ठोकलीस, त्याने पोट नाही भरलं?'

'ती दुसऱ्यांची होती.'

आणि गाडी तरी साधी करायचीस. तर ती जमिनीखालून जाणारी हवी. ठाण्याचा तो अँथनी, तुझ्याच कारखान्यातला, तुझ्याआधी त्याला हा नाद लागला होता. त्याने मोबाईलवर कुठल्यातरी परदेशातल्या जुन्या भुयारी गाडीचं चित्र दाखवलं. तिचं छप्पर गोल होतं, बोगद्याला अगदी लागून जाणारं. झालं. चौकोनी ठोकळ्यांतून गोल छप्पर कसं काढायचं यावर तू वर्ष घातलंस. मी म्हणाले, बिस्किटाचा पत्र्याचा डबा काप, वाकव, ठेव वर. तू असं बघितलंस की जणू मी तुला देव्हाऱ्यात चप्पल ठेवायला सांगितली.

टेबलावर ठेव म्हटलं तर म्हणालास, 'भुयारी गाडी टेबलावर? वर काहीतरी पाहिजे ना गं. जमीन कुठाय?'

तुला जमीन सापडली ती माझा लोखंडी पलंग. पलंगाखाली रूळ, रुळांवर बोगदा, बोगद्यात स्टेशन, आणि वर मी. दुपारी जरा आडवं व्हावं तर पाठीखाली घर्र घर्र.

'खाली गाडी, तर मग मी कोण?' मी विचारलं होतं.

'तू डोंबिवली.'

'का?'

'सारखी कटकट, आणि जागचं काही हलत नाही.'

मी हसले नव्हते. आता सांगते, मी दुसरीकडे तोंड करून हसले होते.

पण पलंगाखालचा केर काढता येईना, त्याचं काय? 'रुळांना हात लावू नकोस, मी काढतो.' तू काढायचास म्हणजे फुंकर मारायचास. धुळीचे बोळे उडून माझ्या उशीवर यायचे. पाली आल्या. एकदा तुझ्या स्टेशनात पालीने अंडी घातली, तर तू ती फुटेपर्यंत त्या बाजूची गाडी बंद ठेवलीस. मला सांगितलंस दुरुस्ती चालू आहे.

आणि एक भांडण अर्धंच राहिलं. तुझ्या गाडीत माणसं नव्हती. गोण्यांतून ती ठोकळ्यांची बुटकी माणसं निघायची, कोणाला हात नाही, कोणाला डोकं नाही. ती तू एका डब्यात कोंबून ठेवायचास. मी म्हणाले, आत बसव की, रिकामी गाडी कशाला धाववतोस? 'माणसं आली की घाण होते,' तू म्हणालास. मी म्हणाले, निदान चालवणारा तरी बसव. तू म्हणालास, बघू. मग मी रोज विचारायचे, 'बसवला का?' आणि तू रोज म्हणायचास, 'मुलाखती चालू आहेत.' असला तू. कशाचंच सरळ उत्तर नाही.

माझ्या पायात ठोकळा घुसला तो पावसाळा आठवतो का? मला साखर आहे हे तुला माहीत होतं. जखम चिघळली, पू झाला, घाण वास यायला लागला. संदीप म्हणाला नर्स लावू. तू म्हणालास कशाला, आणि रोज सकाळी माझा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदललीस. चुकलं म्हणाला नाहीस. मीही माफ केलं म्हणाले नाही. पण त्यानंतर रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी, तू गुडघ्यांवर बसून सगळ्या खोलीच्या लाद्यांवरून तळहात फिरवायचास, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एखादा तुकडा राहिला नाही ना बघायला. तोवर मी पलंगावर पाय वर घेऊन बसायचे. तू मान हलवलीस की मगच खाली उतरायचे. पाटीलबाईंच्या सुनेला वाटायचं ही काहीतरी पूजा आहे.

माजिवड्याला संदीपकडे जाताना त्या मेट्रोच्या खांबांकडे बघून तुझं तोंड वाकडं व्हायचं. 'वरून चालवणार. वरून काय, कोणीही चालवेल.' म्हणून तू मला मुंबईला नेलंस, खरी जमिनीखालची गाडी दाखवायला. सरकत्या जिन्यावर मी पाय ठेवेना, तर मागून लोक तोंडं करायला लागले. खाली सगळं थंडगार, चकचकीत, कोणाच्यातरी अत्तराचा उग्र वास. गाडी सुरू झाली आणि तू नाक काचेला लावून उभा राहिलास. बाहेर अंधार. मी म्हटलं, 'अंधार बघायला एवढ्या लांब आणलंस?' काचेवर तुझ्या नाकाचा तेलकट डाग पडला होता, मला तो पुसावासा वाटत होता. तू वळून विचारलंस, 'आक्का, भीती वाटते का?'

'कसली?'

'जमिनीखाली. बंद.'

'वेडा आहेस का?'

'उगाच विचारलं,' तू म्हणालास आणि पुन्हा काचेकडे तोंड केलंस.

तेव्हा मला वाटलं तू माझी चेष्टा करतोयस. आता वाटतं, तू काहीतरी बोलायच्या बेतात होतास आणि मी झाकण लावलं. पण बाळ्या, माणसाने तोंड उघडून बोलावं. मला काय ज्योतिष येतं?

तुझं तेरावं झाल्यावर अँथनी आला. दोन मोठ्या पिशव्या घेऊन. दारातूनच म्हणाला, 'आक्का, मी उचलू का हे सगळं? तुम्हाला अडचण.'

'उचल. मला पलंगाखाली आता काही नकोय.'

तो जमिनीवर बसला आणि मोडलेला बोगदा सोडवायला लागला. रंगाप्रमाणे तुकडे वेगळे करून आइस्क्रीमच्या डब्यांत टाकत होता. थोड्या वेळाने नाक ओढायला लागला. नाक पुसायचा आणि त्याच हाताने ठोकळे उचलायचा.

'रडायचं तर आधी रडून घे,' मी म्हणाले, 'मग हात धू, आणि मग हात लाव.'

तो हात धुऊन आला. मी चहा ठेवला. तो पिवळा दिवाही त्याच्या डब्यात टाकला. तो कुठे सापडला ते सांगितलं नाही. त्याने चहाला तोंड लावलं नाही.

'आक्का, एक बोलू? तुम्ही मारणार नाय ना?'

'बोल.'

'मी त्याला बोललेलो, आक्काला सांगून टाक. तो बोलला, आधी बोगदा पुरा होऊ दे.'

'काय सांगून टाक?'

'आम्ही दोघं गेलेलो ना डॉक्टरकडे. ठाण्याला. दोन महिने झाले असतील. ब्लॉकेज बोलले. लगेच अँजिओग्राफी करा, लागलं तर तिथेच स्प्रिंग टाकू, असं बोलले.'

मी कपबशी खाली ठेवली. 'मला तो म्हणाला ॲसिडिटी आहे. रोज ते गुलाबी औषध घ्यायचा माझ्यासमोर.'

'ते मीच आणून दिलेलं,' अँथनी म्हणाला. 'तुम्हाला दाखवायला.'

म्हणजे मी जिना चढताना तुझी धाप ऐकत होते, कल्याणच्या डॉक्टरचा नंबर लावत होते, तुला पकडून न्यायला बघत होते, आणि तू आधीच सगळं जाणून बसला होतास. दोन म्हातारे मिळून मला गुलाबी औषध दाखवत होतात. मी त्या औषधाची बाटली संपत आली की तुला आठवण करायचे, नवी आण म्हणून. मला इतकी किळस कशाचीच आली नव्हती. पालीच्या अंड्यांची नाही, तुझ्या लाळेचीही नाही.

मी म्हणाले, 'ऊठ अँथनी.' तो उठला. माझा हात वर गेला होता. मारला नाही. तो म्हणाला, 'मारा आक्का.' म्हणून नाही मारला.

'बोगदा पुरा होऊ दे, हे पण खोटंच होतं,' तो खाली बघत म्हणाला. 'ते मला सांगायला. तो घाबरलेला. एकदा बोलला, आमचा बाप ऑपरेशनच्या टेबलावरून उठला नाय. मी बाहेर जिन्यात बसलेलो. मी नाय जाणार त्या टेबलावर.'

बाबा. हर्नियाचं साधं ऑपरेशन म्हणून गेले होते. तू हाफ पॅन्टीत होतास तेव्हा. दवाखान्याच्या जिन्यात तुला बसवून मी आत गेले, आणि बाहेर येऊन तुला सांगितलं. तू रडला नाहीस. जिन्याच्या कठड्याच्या सळ्या मोजत बसलास. मला वाटलं पोर आहे, विसरेल. मी नवऱ्याच्या घरी गेले, माझी पोरं झाली, ते सगळं मागे पडलं. तू तिथेच बसून राहिला होतास हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

'मग मला का नाही सांगितलं त्याने?' मी अँथनीला विचारलं.

'तुम्ही घाबरट बोलला असता.'

बोलले असते. तोंडावर बोलले असते, पाटीलबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले असते. घाबरट म्हणाले असते, आणि कान धरून रिक्षात घातलं असतं, आणि त्या टेबलापर्यंत हात धरून आले असते, त्यांनी मला दारात अडवेपर्यंत. मग तू सगळ्या कोपर गावात घाबरट म्हणून हिंडला असतास. हिंडला असतास की नाही? मला लाजलास आणि मरणाला नाही लाजलास. ह्याला काय म्हणायचं, बाळ्या? मला शब्द येतात, पण छापायजोगे नाहीत.

अँथनी गाडी आणि सगळे डबे घेऊन गेला. ठाण्यात कुठे प्रदर्शन असतं, तिथे तुझ्या नावाने ठेवू का, विचारत होता. मी म्हणाले, ठेव, नको ठेवू, तुझं तू बघ. फक्त पुढे फोटो आणि उदबत्ती लावू नकोस. तो म्हणाला, 'आत माणसं बसवू का?' मी म्हणाले, 'चालवणारा बसव.'

त्यानंतर मी पलंगाखालून चांगला फडका मारला. फिनेल टाकून. लाद्या आपल्या मूळच्या रंगाच्या निघाल्या. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आणि आता जे तुला सांगायचं राहिलंय ते. गेल्या महिन्यात बाजारातून येताना जिन्यात माझी छाती भरून आली. डाव्या हाताला कळ. पहिल्या मजल्यावरच्या पायरीवर बसले. मला तुझी धाप ऐकू आल्यासारखी वाटली, ती माझीच होती. मी तिथूनच संदीपला फोन लावला. म्हटलं, छातीत दुखतंय, ताबडतोब ये, ॲसिडिटी नाहीये.

कल्याणलाच नेलं. ज्या डॉक्टरचा नंबर मी तुझ्यासाठी लावला होता, तेच. त्यांनी तपासलं, आणि ठाण्याच्या डॉक्टरने तुला सांगितलं होतं तेच मला सांगितलं. संदीपचा चेहरा पुन्हा पांढरा. मी म्हणाले, करा.

ते टेबल अरुंद होतं. कूस बदलली तर माणूस पडेल एवढं. गार होतं. वर दिव्यांचं झुंबर, अंगावर हिरवं कापड, तोंडं झाकलेली पोरं-पोरी आपापसात जेवणाचं बोलत होती. मला भीती वाटली. हे मी संदीपला सांगितलेलं नाही, तुला सांगते. बाबा दिसले. मी जवळच्या एका पोरीला म्हणाले, 'ए मुली, मला भीती वाटतेय.' तिने माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, 'वाटणारच आजी. सगळ्यांना वाटते.' मग तिने हात काढून घेतला, तिला दुसरं काम होतं.

मनगटातून तार घातली. टोचलं तेवढंच. मी छताकडे बघत पडले होते, अजून सुरू व्हायचंय असं समजून. डॉक्टर म्हणाले, 'झालं आजी.'

'काय झालं?'

'सगळं झालं. स्प्रिंग बसली.'

'एवढंच?'

'एवढंच.'

मी तिथे टेबलावर पडल्या पडल्या तुला मोठ्याने शिवी दिली. कोणती ते लिहीत नाही. डॉक्टरांना वाटलं त्यांना दिली. संदीपने बाहेर माझ्या वतीने माफी मागितली.

एवढंच होतं रे. टाका नाही, चिरणं नाही. मनगटावर एक पट्टी. संध्याकाळी मी पेज खाल्ली, ती अळणी होती म्हणून परत पाठवली. दोन दिवसांनी घरी आले. जिना हळू चढले, पण चढले. पाटीलबाई दारात ओवाळायला उभ्या होत्या, 'भाग्यवान आहात' म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना काही बोलले नाही. दमले होते.

आई-बाबा गेले, तू गेलास. तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी असून वाचले ती मी.